अलास्कात हॅलिबटच्या चार्टरवर जाताना: बुकिंगपासून फ्रीझरपर्यंत

हॅलिबट म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा मोठा चपटा मासा, आणि चार्टर म्हणजे पैसे घेऊन पाहुण्यांना मासेमारीला नेणारी बोट. अशा बोटीवर मासा शोधणं कॅप्टनचं काम, आमिष लावणं आणि गुंता सोडवणं डेकहँडचं, म्हणजे डेकवरच्या मदतनिसाचं. पाहुण्याच्या वाट्याला थोडीच कामं उरतात आणि नेमकी तीच चुकतात. तारीख भलत्याच दिवसाची निघते, गोळी उलटी सुरू झाल्यावर घेतली जाते, डेकवर माणूस जीन्स घालून येतो, आणि मासा लागला की रॉडला जोरात हिसका बसतो. दिवस वाया जातो तो बहुतेकदा अशा गोष्टींनी, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बंदर सोडण्याआधीच घडून गेलेल्या असतात. म्हणून या लेखाचा बराचसा भाग जमिनीवरच्या तयारीचा आहे.

इथली माहिती दक्षिण-मध्य अलास्कातल्या होमर आणि स्यूअर्ड या दोन बंदरांना धरून आहे. अँकरेजहून स्यूअर्ड गाडीनं सुमारे १२५ मैल, होमर सुमारे २२० मैल. सिटका, केचिकन, जूनो या आग्नेय पट्ट्यातल्या बंदरांचे हॅलिबटचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत. तो फरक दुसऱ्या टप्प्यात येईल.

## १. आधी मासा ठरवा, मग बंदर

‘मासेमारीची ट्रिप’ असं मोघम बुकिंग करू नका. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच्या हंगामात बोटी ढोबळमानानं तीन प्रकारच्या ट्रिपा काढतात.

पहिली अर्ध्या दिवसाची. होमरहून ती बहुधा काचेमॅक उपसागराच्या आसपासच राहते. पाणी शांत असतं आणि मासे लहान, १० ते २० पौंडांचे. तिथली माणसं या आकाराला ‘चिकन हॅलिबट’ म्हणतात आणि स्वतःच्या ताटासाठी तोच पसंत करतात. मोठ्या माशाचं मांस जाडं आणि कोरडं होतं.

दुसरी पूर्ण दिवसाची हॅलिबट ट्रिप. एका बाजूचा प्रवासच दीड ते तीन तासांचा होतो. मासे मोठे असण्याची शक्यता वाढते, आणि लाटाही.

तिसरी ‘कॉम्बो’, म्हणजे हॅलिबटबरोबर रॉकफिश, लिंगकॉड किंवा सॅमन. स्यूअर्ड यासाठी चांगलं. सिल्व्हर सॅमन हवा असेल तर जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्ट धरा. लिंगकॉड हवा असेल तर १ जुलैआधी जाऊ नका, त्या भागात त्याचा हंगाम तेव्हाच उघडतो.

पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्यानं, विशेषतः लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर, अर्धा दिवसच घ्यावा. पूर्ण दिवसाची बोट तुमच्यासाठी मध्येच परत फिरत नाही. एकाची तब्येत बिघडली तरी उरलेल्या पाचजणांनी पैसे भरलेले असतात.

## २. तारीख: नियम, चंद्र आणि एक राखीव दिवस

बहुतेक लोक विमानाचं तिकीट आधी काढतात आणि मग उरलेल्या दिवसांत बोट कोंबतात. क्रम उलटा हवा.

नियमाचा दिवस. हॅलिबटचे नियम आंतरराष्ट्रीय पॅसिफिक हॅलिबट आयोगाच्या जानेवारीतल्या बैठकीनंतर दरवर्षी नव्यानं ठरतात. होमर आणि स्यूअर्ड ज्यात येतात त्या ३ए क्षेत्रात अलीकडच्या वर्षांत चार्टरवरच्या माणसाला दिवसाला दोन हॅलिबट ठेवता येतात. त्यातला एक कुठल्याही मापाचा चालतो, दुसरा मात्र ठरावीक लांबीच्या आतलाच हवा. ही लांबी गेल्या काही वर्षांत २७-२८ इंचांच्या आसपास राहिली आहे. म्हणजे दुसरा मासा जेमतेम नऊ-दहा पौंडांचा. शिवाय आठवड्यातले काही वार चार्टरवर हॅलिबट ठेवायला बंदी असते. अलीकडे बुधवार, आणि काही वर्षी भर हंगामातले मंगळवारही. बंदीच्या दिवशी बोटी रॉकफिश आणि सॅमनसाठी जातात आणि सीट स्वस्त दिसते. ती पाहून बुकिंग करणारा धक्क्यावर आल्यावर चकित होतो.

आग्नेय अलास्का, म्हणजे २सी क्षेत्रात, चार्टरवर एकच हॅलिबट मिळतो. तोही एका मापाहून छोटा, नाहीतर ८० इंचांसारखा अवाढव्य. मधल्या मापाचे सगळे परत पाण्यात. क्रूझवरून उतरून तिथे बोट घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

चंद्र. होमरसमोरच्या कुक इनलेट या खाडीतली भरती-ओहोटी उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. होमरला मोठ्या उधाणात पाण्याच्या पातळीतला फरक २० फुटांच्या पुढे जातो. एवढं पाणी सहा तासांत आत-बाहेर करतं तेव्हा गळाला बांधलेलं दोन-तीन पौंडांचं शिसंही तळाशी टिकत नाही, आणि हॅलिबट तर तळाशी असतो. गळ तळाला लागतो तो पाणी वळताना, ओढ मंदावते त्या वेळात. म्हणून अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस टाळा आणि अष्टमीच्या आसपासचे दिवस शोधा. भांगेच्या पाण्यात ओढ कमी असते आणि गळ टाकायला जास्त वेळ मिळतो. खुल्या समुद्रावर, स्यूअर्डच्या बाहेर, हा फरक कमी जाणवतो. होमरहून जाताना मात्र तिथी बघणं फायद्याचं.

राखीव दिवस. बोट पहिल्या दिवशी ठेवा, शेवटच्या नाही. हवामानामुळे कॅप्टननं ट्रिप रद्द केली तर दुसऱ्या दिवशीची जागा मागता येते. मासे गोठवून घ्यायलाही एक दिवस लागतो.

> तपासा: बुकिंगआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. त्या वाराला हॅलिबट ठेवता येतो का, चंद्र कुठल्या अवस्थेत आहे, आणि ट्रिपनंतर विमानाआधी किमान एक पूर्ण दिवस उरतो का.

## ३. बोटीला विचारायचे प्रश्न

वेबसाइटवरचे फोटो सगळ्यांचे सारखेच असतात. मोठा मासा, हसणारा माणूस. फोन करा आणि विचारा.

बोटीवर एकूण किती पाहुणे? ‘सिक्स-पॅक’ बोट म्हणजे जास्तीत जास्त सहा पाहुणे नेण्याचा परवाना असलेला कॅप्टन. त्याहून जास्त माणसं नेणाऱ्या बोटीची अमेरिकी तटरक्षक दलाकडून तपासणी झालेली असावी लागते. मोठी बोट कमी हलते, पण दोरांचे गुंते जास्त होतात. सहाजणांच्या बोटीवर डेकहँडचं लक्ष तुमच्याकडे असतं. मला लहान बोट बरी वाटते, पण पोट हळवं असणाऱ्यानं मोठी घ्यावी.

केबिन बंद आणि गरम आहे का? टॉयलेट आहे का? हे प्रश्न विचारायला लाजणारी माणसं मग आठ तास पाणी न पिता काढतात.

हॅलिबट चार्टरचा परवाना आहे का? दोन्ही क्षेत्रांत पाहुण्यांना हॅलिबटसाठी नेणाऱ्या बोटीकडे तो असावाच लागतो. परवाना नसलेल्या बोटीवर हॅलिबट ठेवलात तर अडचण तुमचीही आहे.

भाड्यात काय येतं? रॉड, रीळ, आमिष आणि मासे साफ करणं बहुतेक ठिकाणी धरलेलं असतं. लायसन्स, जेवण, पॅकिंग आणि टिप धरलेली नसते. होमरहून पूर्ण दिवसाच्या सीटला साधारण ३०० ते ४५० डॉलर पडतात. वरचा खर्च मिळवला की माणशी पाचशेच्या पुढे सहज जातं.

रद्द झालं तर? कॅप्टननं रद्द केलं तर पूर्ण पैसे परत आणि तुम्ही केलं तर आगाऊ रक्कम गेली, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. ती लेखी मागून घ्या.

काही बोटी व्यावसायिक मच्छीमारांच्या कोट्यातून भाड्यानं घेतलेले मासे पाहुण्यांना विकतात. जादा पैसे भरले की मापाबाहेरचा मोठा मासाही ठेवता येतो. याला ‘गाइडेड अँगलर फिश’ म्हणतात. हवा असेल तर आधीच विचारा. मासा बोटीशेजारी आल्यावर हा विषय काढून उपयोग नसतो.

## ४. लायसन्स

अलास्काबाहेरून आलेल्या १६ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला स्पोर्ट फिशिंग लायसन्स लागतं. अलास्काच्या फिश अँड गेम खात्याच्या संकेतस्थळावर ते काही मिनिटांत मिळतं. बाहेरच्यांसाठी १ दिवसाचे १५ डॉलर, ३ दिवसांचे ३०, ७ दिवसांचे ४५. किंग सॅमन पकडायचा असेल तर त्याचा वेगळा स्टँप घ्यावा लागतो. तो नसेल तर गळाला लागलेला किंग सोडावा लागेल.

दोन चुका नेहमीच्या. एक, लायसन्सवरची सुरुवातीची तारीख ‘आज’ ठेवून ट्रिप उद्याची असणं. दुसरी, फोनवरची प्रत बंदराबाहेर रेंज गेल्यावर न उघडणं. प्रत आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा किंवा छापून सही करून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. कॅप्टनला लॉगबुकात तुमच्या लायसन्सचा नंबर लिहायचा असतो. तो नसेल तर तुम्ही गळ टाकू शकत नाही.

## ५. बोट लागू नये म्हणून

हा टप्पा सविस्तर वाचा. बोट लागणं हे ट्रिप वाया जाण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, आणि ‘मला गाडी लागत नाही’ म्हणणारेही यातून सुटत नाहीत. गाडी धावत असते. इथे बोट नांगर टाकून एका जागी डोलत राहते आणि मागून डिझेलचा धूर येतो.

आदल्या रात्री: गोळी घ्या. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट ही नेहमीची औषधं, अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतात. डब्यावरचं औषधाचं नाव वाचा. ड्रामामिन या एकाच नावाखाली दोन वेगळी औषधं विकली जातात. मूळ गोळीत डायमेनहायड्रिनेट असतं आणि तिनं चांगलीच झोप येते. ‘लेस ड्राउझी’ लिहिलेलीत मेक्लिझिन असतं. दारू नको. पोटभर झोप घ्या.

सकाळी: निघण्याच्या तासभर आधी डब्यावर लिहिलेल्या मात्रेनुसार दुसरी गोळी. रिकाम्या पोटी जाऊ नका, तळकटही खाऊ नका. टोस्ट, ओट्स, उकडलेलं अंडं पुरे. कॉफी थोडी.

पॅच: कानामागे लावायचा स्कोपोलामाइनचा पॅच डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच मिळतो आणि किमान चार तास आधी लावावा लागतो. लावल्यावर हात धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिवसभर धूसर दिसतं.

> इशारा: काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील, तर यातलं कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर बाई आणि मुलांच्या बाबतीतही तेच.

बोटीवर: केबिनमध्ये आडवं पडावंसं वाटेल, पण उठून बाहेर या. बोटीच्या मध्याच्या मागे, वारा तोंडावर घेत, नजर क्षितिजावर ठेवून उभे राहा. फोन खिशात. आमिष लावणं, गाठ बांधणं अशी मान खाली घालायची कामं डेकहँडवर सोडा. उलटी होणार असं वाटलं तर वारा पाठीकडून येतो त्या बाजूच्या कठड्यावर जा. टॉयलेटमध्ये कोंडून घेतलं की त्रास दुप्पट होतो, आणि ते टॉयलेट तुंबलं की सगळ्या बोटीचा होतो. लाज कसलीच नको, डेकहँडला हे रोजचं आहे. उलटी झाल्यावर घोट-घोट पाणी आणि दोन खारी बिस्किटं, मग पुन्हा रॉड हातात. पुष्कळदा पहिला मासा लागला की पोटाचा विसर पडतो.

## ६. कपडे आणि पिशवी

अँकरेजमध्ये जुलैत टी-शर्टवर फिरता येतं, म्हणून लोक फसतात. समुद्रावर धावत्या बोटीचा वारा आणि अंगावर येणारे तुषार मिळून थंडी भलतीच वाढते.

अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर. त्यावर फ्लीस. सर्वांत वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच खांद्यावरून पट्टे असलेली पँट. सुती काहीही नको, जीन्स तर मुळीच नको. सुती कापड एकदा भिजलं की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. पायात गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट. अलास्कात सगळ्यांच्या पायात दिसतात ते तपकिरी एक्स्ट्राटफ. काही बोटी आणि हॉटेलं बूट आणि रेनगिअर देतात, आधी विचारा. लोकरीच्या मोज्यांचा एक जादा जोड, कानटोपी, पोलराइज्ड गॉगल आणि सनस्क्रीन. आमिषानं हात ओले आणि गार होतात, म्हणून पातळ रबरी हातमोजे.

पिशवी एकच, मऊ. कडक सुटकेस बोटीवर ठेवायला जागा नसते. जेवण साधं, एका हातानं खाता येईल असं. केळी नेऊ नका. केळं बोटीवर आणणं अपशकुनी, ही समजूत तिथे खरोखर पाळली जाते आणि काही कॅप्टन तुमच्या डब्यातलं केळं पाण्यात फेकतातही. वाद घालण्यात अर्थ नाही, मासा लागला नाही तर खापर तुमच्यावर.

## ७. धक्क्यावर आणि निघताना

बोटी साधारण सकाळी सहा-सातला सुटतात. अर्धा तास आधी पोचा. गाडी लावायला आणि तरंगत्या फलाटांच्या जाळ्यात आपली बोट शोधायला वेळ जातो. ओहोटी असेल तर धक्क्यावरून फलाटाकडे उतरणारा रॅम्प शिडीसारखा उभा होतो आणि ओला असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक यासाठीही पाहावं. बंदरात एखादी डर्बी, म्हणजे मासेमारीची स्पर्धा, चालू असेल, जशी स्यूअर्डला ऑगस्टमध्ये सिल्व्हर सॅमनची असते, तर तिचं तिकीट बोटीवर चढण्याआधीच घ्या. नंतर घेतलेल्या तिकिटावर मासा धरत नाहीत.

कॅप्टन सुरक्षेची माहिती देतो तेव्हा लोक फोटो काढत असतात. एवढी पाच मिनिटं ऐका. लाइफ जॅकेट कुठे आहेत ते डोळ्यांनी पाहा, आपलं एकदा घालून पट्टे लावून बघा. १३ वर्षांखालच्या मुलांनी डेकवर ते घातलंच पाहिजे असा अलास्काचा कायदा आहे. मोठ्यांवर सक्ती नसते, पण हातपाय स्थिर नसतील तर मोठ्यांनीही घालावं.

कारण पाणी. थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी शिकवला जाणारा ढोबळ हिशेब १-१०-१ असा आहे. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं, पुढची सुमारे १० मिनिटं हातपाय कामाला येतात, आणि साधारण १ तासात शरीर गारठून शुद्ध जाते. पोहता येतं म्हणून भागत नाही. पहिल्या मिनिटात धाप लागून तोंडात पाणी जातं, पट्टीचे पोहणारेही तिथेच बुडतात.

> इशारा: कोणी पाण्यात पडलं तर त्याच्यामागे उडी मारू नका. ओरडा, तरंगणारं काहीतरी फेका, आणि एकानं हात लांब करून त्या माणसाकडे दाखवत राहा. नजर हलली की लाटांमध्ये डोकं पुन्हा सापडत नाही.

## ८. गळ सोडणं

डेकहँड जागा ठरवून देईल. तीच धरा. प्रवाहाप्रमाणे सगळ्यांचे दोर बोटीमागे जातात आणि शिशाची वजनं जागेनुसार दिलेली असतात. स्वतःहून दुसऱ्या कठड्यावर गेलात की गुंता झालाच.

खोली १०० ते ३०० फूट, कधी त्याहून जास्त. क्रम असा:

१. रिळाचं कुलूप काढण्याआधी अंगठा दोरावर घट्ट ठेवा.

२. कुलूप काढा आणि अंगठा किंचित सैल करून शिसं सावकाश उतरू द्या. अंगठा पूर्ण उचलला की रीळ दोरापेक्षा जोरात फिरतं आणि दोराचा गुंता होऊन घरटं होतं. ते सोडवण्यात पाणी वळण्याचा सर्वांत चांगला वेळ जातो.

३. शिसं तळाला टेकल्याचा ठोका जाणवतो आणि दोर एकदम ढिला पडतो. लगेच कुलूप लावा.

४. एक-दोन फेरे वर घ्या. आमिष तळापासून हातभर वर राहिलं पाहिजे.

५. दर काही मिनिटांनी पुन्हा तळ तपासा. बोट सरकते, खोली बदलते, प्रवाह शिसं उचलतो. तळ लागत नसेल तर डेकहँडला सांगा, तो वजन वाढवेल.

पाचवी पायरी सगळे विसरतात. वीस मिनिटं रॉड धरून उभं राहायचं आणि आमिष तळापासून तीस फूट वर लटकतंय, हे चित्र जवळपास प्रत्येक बोटीवर दिसतं.

## ९. मासा लागला

हॅलिबटसाठी बहुतेक बोटी आत वळलेला गोल गळ वापरतात, ज्याला सर्कल हुक म्हणतात. आमिषाला हेरिंग किंवा ऑक्टोपस. या गळाची रचनाच अशी की मासा आमिष घेऊन वळला की तो जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. म्हणूनच हिसका चुकीचा. हिसक्यानं गळ माशाच्या तोंडातून सरळ बाहेर येतो.

टक-टक असं जाणवलं तर काहीही करू नका. हे खरोखर कठीण आहे. रॉडचं टोक खाली वाकून वाकलेलंच राहिलं की मग रीळ एका लयीत फिरवायला लागा. गळ बसला असेल तर वजन कळेल. मुसक्या आवळल्यासारखं दोन्ही हातांनी ओढायचं नाही. रॉड सावकाश वर, मग खाली आणताना दोर गुंडाळा. दोर क्षणभरही ढिला पडू देऊ नका. मासा खाली धावला तर रीळ फिरवणं थांबवा आणि त्याला दोर घेऊ द्या. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, डेकहँडनं बसवलेला असतो, त्याला हात लावू नका. दोर बोटीच्या कडेला घासत असेल तर रॉड बाहेर धरा. मासा बोटीखाली गेला तर त्याच्या मागे तुम्ही कठड्यानं सरका.

थकलात तर रॉड दुसऱ्याला देण्याआधी कॅप्टनला विचारा. अलास्काच्या नियमानुसार मासा ज्यानं आधी गळाला लावला त्याच्या मर्यादेत मोजला जातो. वर कोणी ओढला याला महत्त्व नाही.

पाण्यात पांढरट-तपकिरी आकार दिसला की ‘कलर!’ असं ओरडायची पद्धत आहे, म्हणजे डेकहँड तयार होतो. इथे सर्वांत मोठी चूक होते. उत्साहात माणूस माशाचं डोकं पाण्याबाहेर उचलतो. तोवर शांत आलेला हॅलिबट तिथे अंग झटकतो आणि सुटतो. डोकं पाण्याखालीच ठेवा, रॉड स्थिर, पाऊल मागे. शिसं आणि कडी रॉडच्या टोकात ओढून घेऊ नका. दोन-तीन पौंडांचं शिसं लोलकासारखं फिरून शेजाऱ्याच्या तोंडावर बसू शकतं.

मोठा हॅलिबट जिवंतपणी डेकवर घेत नाहीत. त्याच्या शेपटीच्या फटक्यानं हाड मोडू शकतं. डेकहँड आधी हार्पून मारतो, काही कॅप्टन छोटी बंदूक ठेवतात. त्या वेळी तुमचं काम फक्त बाजूला होणं.

> इशारा: हॅलिबटऐवजी डॉगफिश हा लहान शार्क आला तर हात लावू नका. त्याच्या पाठीवरच्या दोन्ही परांपुढे टोकदार काटे असतात.

## १०. ठेवायचा की सोडायचा

पहिला मासा आला की लगेच ठेवू नका, असा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच बरोबर. पाणी वळून ओढ सुरू व्हायला वेळ असेल तर थांबा. कॅप्टन म्हणाला की ‘इथे आता मिळताहेत ते असेच’, तर ठेवा. एकदा गॅफ, म्हणजे मासा ओढून घ्यायचा आकडा, मारला की तो मासा तुमचा आणि मर्यादेत मोजला गेला. नंतर मोठा आला म्हणून आधीचा पाण्यात टाकून अदलाबदल करता येत नाही. कॅप्टन आणि डेकहँडला पाहुणे असताना स्वतःसाठी हॅलिबट ठेवता येत नाही, तेव्हा त्यांच्या नावावर जादा मासा मागू नका.

१०० पौंडांवरचे हॅलिबट जवळपास सगळे अंडी देणाऱ्या माद्या असतात. ठेवणं कायदेशीर आहे, पण फोटो काढून सोडलात तर मला आवडेल. मांसाच्या चवीतही तुमचं काही जात नाही. हॅलिबटला हवेची पिशवी नसते, त्यामुळे खोल पाण्यातून वर आणला तरी तो वरूनच सोडता येतो. मात्र सोडायच्या माशाला गॅफ लावायचा नाही.

रॉकफिशचं उलट आहे. खोलीतून वर येताना त्याच्या आतली हवा फुगते, डोळे बाहेर येतात आणि वर सोडला तर तो तरंगत मरतो. तो वजनाला अडकवून परत खाली न्यावा लागतो. असं साधन बोटीवर असणं अलास्कात २०२० पासून सक्तीचं आहे. डेकहँड ते बाहेर काढायला कंटाळला तर तुम्ही आठवण करा.

## ११. परतीचा प्रवास आणि मासे

ठेवलेल्या माशाचे कल्ले कापून लगेच रक्त काढलं जातं आणि तो बर्फात जातो. होताना दिसलं नाही तर विचारा. मांसाची प्रत इथेच ठरते. ज्या हॅलिबटला लांबीची अट आहे त्याचा सांगाडा सगळे तुकडे बोटीवरून उतरेपर्यंत ठेवावा लागतो, म्हणजे तपासनीसाला माप घेता येतं. तो फेकून देऊन जागा करा असं सुचवू नका.

वजनाचा हिशेब आधी करा, नाहीतर डबे कमी पडतात. ४० इंचांचा हॅलिबट साधारण ३० पौंडांचा भरतो, आणि त्यातून निम्मं किंवा थोडं जास्त निव्वळ मांस मिळतं.

डेकहँडची टिप भाड्याच्या १५ ते २० टक्के, रोख, उतरताना. त्याचं बरंचसं उत्पन्न यावरच असतं आणि दिवसभराचे गुंते त्यानंच सोडवलेले असतात.

मासे बंदराजवळच्या प्रक्रिया केंद्रात व्हॅक्यूम पॅक करून गोठवायला द्या. पाकीट किती वजनाचं हवं ते सांगा. न सांगितल्यास मोठी पाकिटं येतात आणि दोघांच्या घरात एक पाकीट संपता संपत नाही. विमानाची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. पूर्ण दगडासारखे गोठलेले तुकडे उष्णतारोधक खोक्यात भरले तर एका दिवसाच्या प्रवासात साधारण टिकतात. ५० पौंडांच्या आत वजन ठेवून खोकं चेक-इन करता येतं. ड्राय आइस घालायचा असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, मर्यादा माणशी २.५ किलो, आणि खोकं हवाबंद नको, वायू बाहेर जायला वाट हवी.

घरी आल्यावर पाकिटं फ्रीझरमध्ये एकावर एक रचू नका, आधी मोकळी पसरा. प्रवासात कडा मऊ झाल्या असतील तर त्या लवकर गोठतात. जे पाकीट पूर्ण मऊ झालंय ते एक-दोन दिवसांत खाऊन टाका. वितळवायचं ते फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही. त्याआधी व्हॅक्यूमची पिशवी कापून उघडा. हवा न लागणाऱ्या बंद पिशवीत मासा वितळला तर बोट्युलिझमच्या जंतूंना वाव मिळतो, आणि त्याचा वास येईलच असं नाही.